चॉकलेट पुडिंग रात्री घट्ट आणि सकाळी पातळ: असं का होतं, आणि जुन्या पद्धतीनं ते नीट कसं करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दूध, साखर, कोको, कॉर्नफ्लोअर आणि अंड्याचे बलक घेऊन तुम्ही गॅसवर चॉकलेट पुडिंग केलं. पातेल्यात ते छान दाट दिसलं, फ्रिजमध्ये सेटही झालं. दुसऱ्या दिवशी मात्र कडेनं पाणी सुटलं होतं, मधला भाग सैल झाला होता, वर जाड साय धरली होती आणि खाताना जिभेवर पीठ लागत होतं. पाकीट न आणता जुन्या पद्धतीचं, मऊ आणि दाट पुडिंग घरी कसं जमवायचं, हे तुम्हाला हवं आहे.

या चारही तक्रारींपैकी तीन एकाच जागी सुरू होतात: पुडिंग लवकर उतरवलं गेलं. मिश्रण दाट व्हायला लागलं की सगळ्यांचाच हात गॅसच्या बटणाकडे जातो, कारण अंडं फाटेल, बुडाला लागेल, फार घट्ट होईल अशी भीती असते. पण दाट दिसणं आणि शिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुडिंगला खरी उकळी यायला हवी, उकळी आल्यावर ते आणखी दीड-दोन मिनिटं आचेवर राहायला हवं, आणि एकदा वाटीत ओतलं की त्याला पुन्हा हात लागता कामा नये. बाकी कृती सोपी आहे, पण या एवढ्याशा भागात चूक झाली तर उत्तम चॉकलेट घालूनही उपयोग होत नाही.

हे असं का, ते नीट समजून घेऊ. कारण कारण कळलं की मोजमाप थोडं इकडेतिकडे झालं तरी पुडिंग हाताबाहेर जात नाही.

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याच्या दाण्यातला शुद्ध स्टार्च. त्याचे सूक्ष्म कण थंड दुधात नुसते तरंगतात, थोड्या वेळानं तळाशी बसतात. दूध साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की हे कण पाणी शोषून फुगू लागतात. साखर जास्त असेल तर ती पाणी स्वतःकडे ओढून धरते, त्यामुळे फुगणं आणखी उशिरा सुरू होतं. कण फुगले की एकमेकांना खेटतात आणि मिश्रण दाट वाटतं. इथेच बहुतेक जण फसतात. फुगलेल्या कणांमधून अमायलोज नावाचे लांब धागे बाहेर पडायचे असतात, आणि गार होताना तेच धागे एकमेकांत अडकून पुडिंगला उभं धरणारी जाळी विणतात. त्यासाठी मिश्रण ९५ अंशांच्या जवळ जावं लागतं, म्हणजे रटरटावं लागतं. अर्धवट फुगलेले कण जिभेला खरखरीत लागतात आणि कच्च्या पिठाची चव देतात. तुम्हाला लागलेलं पीठ तेच.

आता दुसऱ्या दिवशीच्या पातळपणाकडे. बलक घातलेल्या पुडिंगमध्ये ही भानगड विशेष होते. कच्च्या बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं आणि स्टार्चचे तुकडे पाडणं हेच त्याचं काम. ते उष्णतेला बरंच चिवट असतं. पुडिंग उकळीपर्यंत गेलं नाही तर ते जिवंत राहतं आणि फ्रिजमध्येही हळूहळू स्टार्चची जाळी कापत बसतं. म्हणून पुडिंग रात्री घट्ट आणि सकाळी सैल. पुष्कळ जण यावर पुढच्या वेळी कॉर्नफ्लोअर वाढवतात. त्यानं पुडिंग रबरी होतं, पिठाची चव वाढते, आणि एन्झाइम तसंच राहिलं तर पातळही होतंच. कॉर्नफ्लोअर वाढवू नका, उकळी पूर्ण येऊ द्या.

‘पण उकळलं तर बलक फाटणार नाही का?’ नुसत्या दुधात बलक असते तर फाटले असते. स्टार्चशिवायचं कस्टर्ड ८० अंशांच्या थोडं पुढे गेलं की त्याच्या गुठळ्या होतात. इथे मात्र फुगलेले स्टार्चचे कण अंड्यातल्या प्रथिनांच्या मधे येतात आणि त्यांना एकमेकांना घट्ट बिलगू देत नाहीत. पुरेसं कॉर्नफ्लोअर असलेलं मिश्रण निर्धास्त उकळा. ही एक भीती मनातून गेली की अर्धं काम झालं.

याच अमायलेजचा दुसरा चुलतभाऊ आपल्या लाळेत असतो. पातेल्यातलं पुडिंग चमच्यानं चाखायचं आणि तोच चमचा पुन्हा आत घालायचा, किंवा वाटीतलं अर्धं खाऊन उरलेलं फ्रिजमध्ये ठेवायचं, ही पुडिंग पातळ करायची खात्रीशीर पद्धत आहे. उष्टा चमचा बुडाला त्या जागेभोवती सकाळी पाण्याचं तळं दिसतं. चाखायला दर वेळी नवा चमचा घ्या.

आता साहित्य. चार माणसांना पुरेल एवढ्यासाठी माझं माप असं: अर्धा लिटर सायीसकट दूध, १०० ग्रॅम साखर, २० ग्रॅम कोको पावडर, २४ ग्रॅम कॉर्नफ्लोअर (म्हणजे सपाट ३ टेबलस्पून), पाव टीस्पून मीठ, २ बलक, ७० ग्रॅम डार्क चॉकलेट, १५ ग्रॅम लोणी आणि १ टीस्पून व्हॅनिला. जमलं तर वजनकाट्यावर मोजा. कॉर्नफ्लोअरचा चमचा दाबून भरला किंवा हलक्या हातानं भरला तर चार-पाच ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि या पदार्थात चार ग्रॅम पुष्कळ असतात. डब्यावर ‘मक्याचं पीठ’ लिहिलेलं पिवळसर, रवाळ पीठ घेऊ नका. त्यात अख्खा दाणा दळलेला असतो आणि ते या कामाचं नाही. आपल्याला बोटांत चुरल्यावर कुरकुरणारी, पांढरीशुभ्र पावडर हवी.

कोको आणि चॉकलेट दोन्ही का घ्यायचं, असं अनेक जण विचारतात. नुसत्या कोकोचं पुडिंग चवीला ठसठशीत असतं, पण तोंडात थोडं कोरडं वाटतं, कारण कोको पावडर म्हणजे कोकोच्या वाटणातून बरीचशी चरबी दाबून काढल्यावर राहिलेला भाग. नुसत्या चॉकलेटचं पुडिंग रेशमी होतं, पण दुधात चव पसरून फिकी पडते. कोको चवीचा पाया घालतो, चॉकलेटमधलं कोको बटर अंग देतं. चॉकलेट ६० ते ७० टक्के कोकोचं असावं. पाकिटाच्या मागे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल किंवा चरबी लिहिलेली असेल तर ते ठेवून द्या. कोको बटर शरीराच्या तापमानाला विरघळतं, म्हणून चॉकलेट तोंडात विरतं. त्या दुसऱ्या चरबी बऱ्याचदा त्या तापमानाला पूर्ण वितळत नाहीत आणि टाळूला मेणासारखा थर सोडतात.

कोको साधा घ्यायचा की डच? साधा कोको आंबटसर, लालसर आणि तिखट बाण्याचा असतो. डच कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे तो गडद आणि सौम्य होतो. कोकोतली चरबी दाबून काढणाऱ्या यंत्राचं पेटंट नेदरलँड्समध्ये १८२८ साली व्हॅन हाउटेन यांनी घेतलं आणि अल्कलीची प्रक्रियाही त्याच घराण्याची, म्हणून नावात ‘डच’ आलं. केकमध्ये हे दोन कोको बिनदिक्कत अदलाबदल करता येत नाहीत, कारण तिथे खायच्या सोड्याचा हिशेब असतो. पुडिंगमध्ये फुगवायचं काहीच नसतं, तेव्हा घरात असेल तो वापरा. मला या पदार्थात साधा कोको अधिक आवडतो. दूध आणि साखर त्याचा आंबटपणा मऊ करतात आणि चॉकलेटची चव उठून दिसते. मुलांसाठी करत असाल तर डच बरा.

मीठ गाळू नका. पाव चमचा मिठानं पुडिंग खारट होत नाही, पण ते नसेल तर चव सपाट लागते. चिमूटभर इन्स्टंट कॉफीही घालता येते. कॉफीची चव कळत नाही, कोकोची मात्र खोल होते.

पातेलं जाड बुडाचं आणि शक्यतो गोलसर कोपऱ्यांचं घ्या. ढवळायला रबरी किंवा सिलिकॉनचा स्पॅच्युला हवा. तारेचा व्हिस्क सुरुवातीला उपयोगी पडतो, पण तो पातेल्याच्या बुडाच्या कडेपर्यंत पोचत नाही, आणि करपायला नेमकी तिथूनच सुरुवात होते.

पातेलं गॅसवर न ठेवता आधी त्यात साखर, कोको, कॉर्नफ्लोअर आणि मीठ कोरडंच एकत्र करा. कोको चाळून घाला. साखरेचे दाणे कोकोचे आणि कॉर्नफ्लोअरचे कण एकमेकांपासून दूर ठेवतात, त्यामुळे पुढे गुठळ्या होत नाहीत. आता फ्रिजमधलं थंड दूध, साधारण १०० मि.ली., थोडं थोडं घालत व्हिस्कनं घोटा. आधी घट्ट, चकचकीत लगदा होईल. तो पूर्ण एकजीव झाल्यावरच पुढचं दूध घाला. कोकोला पाण्याचं वावडं असतं, तो सुरुवातीला दुधावर तरंगत राहतो. घट्ट लगद्यात तो दाबून भिजतो, सगळं दूध एकदम ओतलं तर काळे ठिपके शेवटपर्यंत राहतात. लगदा गुळगुळीत झाला की बलक घालून फेटा आणि मग उरलेलं दूध ओता.

बऱ्याच कृतींमध्ये दूध वेगळं तापवून बलकांवर हळूहळू ओतायला सांगतात. चुकीचं नाही, पण इथे त्याची गरज नाही. सगळं थंडच एकत्र केलं आणि एकाच वेळी तापवलं तर बलकांना अचानक चटका बसत नाही आणि कॉर्नफ्लोअरही सावकाश फुगतं. गरम दूध कोरड्या कॉर्नफ्लोअरवर कधीच ओतू नका. बाहेरचा थर क्षणात शिजून बंद होतो आणि आत कोरडी पावडर अडकते. अशी गुठळी नंतर कितीही ढवळली तरी फुटत नाही.

आता मध्यम आच. पहिली पाच-सहा मिनिटं काही घडत नाही असं वाटेल. पृष्ठभागावर फेटताना झालेला फेस असतो, खाली पातळ चॉकलेटी दूध. या वेळी सतत ढवळायची गरज नाही, पण दर काही सेकंदांनी बुडावरून आणि कडेवरून स्पॅच्युला फिरवा, कारण कॉर्नफ्लोअर खाली बसत असतं. मग फेस विरायला लागतो आणि दुधाला चकाकी येते. हा इशारा आहे. यानंतर अर्ध्या-एक मिनिटात स्पॅच्युलाला जडपणा जाणवेल आणि बुडाच्या कडेला घट्ट थर धरू लागेल. आता हात थांबवायचा नाही. बूड खरवडत, आठचा आकडा काढत फिरवत राहा, आच थोडी कमी करा. मिश्रण काही क्षण गुठळ्यांसारखं, असमान दिसतं. घाबरू नका, कडेचं आधी शिजतं आणि मधलं नंतर, ढवळत राहिलात की एकसारखं होतं.

उकळी आली की नाही हे ओळखायला ढवळणं चार-पाच सेकंद थांबवा. दाट पुडिंगला दुधासारखी उतू जाणारी उकळी येत नाही. एखादा मोठा बुडबुडा सावकाश वर येतो, फट्‌ असा आवाज करत फुटतो आणि मागे खळगा सोडतो. मग दुसऱ्या जागी दुसरा. कडेला बारीक बुडबुडे दिसणं म्हणजे उकळी नव्हे, मध्यभागी खळगे पडायला हवेत. ते दिसले की घड्याळ बघा आणि मंद आचेवर दीड ते दोन मिनिटं हलक्या हातानं ढवळत शिजवा. अंगावर शिंतोडे उडतात, तेव्हा लांब दांड्याचा स्पॅच्युला आणि थोडं अंतर ठेवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ९५ अंशांपर्यंत नेऊन तिथे धरा. उंच डोंगराळ जागी पाणीच त्याहून कमी तापमानाला उकळतं, तिथे एखादं मिनिट जास्त द्या.

याचा अर्थ दहा मिनिटं उकळत ठेवायचं असा मात्र नाही. पूर्ण फुगलेले स्टार्चचे कण नाजूक असतात. फार वेळ उकळलं, किंवा उकळल्यावर व्हिस्कनं जोरजोरात फेटलं, तर ते फुटतात आणि पुडिंग पुन्हा सैल पडतं. म्हणून मिश्रण दाट व्हायच्या आधी हवं तेवढं घोटा, दाट झाल्यावर स्पॅच्युलानं नुसतं फिरवा.

गॅस बंद केल्यावर बारीक चिरलेलं चॉकलेट आणि लोणी घाला, मिनिटभर तसंच राहू द्या आणि मग सावकाश मिसळा. चॉकलेट आचेवर घालून उकळलं तर तेल सुटून पुडिंग रवाळ होऊ शकतं, आणि वितळवायला पातेल्यातली उष्णता पुरून उरते. व्हॅनिला सर्वांत शेवटी, कारण त्याचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो. मग पुडिंग गाळणीतून गाळून घ्या. हे मी कधीच टाळत नाही. कितीही काळजी घेतली तरी बलकाच्या पांढऱ्या दोऱ्या किंवा बुडाचा एखादा कण राहतोच.

गाळणीत काय राहिलं ते बघून पुष्कळ कळतं. बोटांत चोळल्यावर गुळगुळीत, पारदर्शक आणि बुळबुळीत लागली तर ती कॉर्नफ्लोअरची गुठळी. ढवळणं कमी पडलं किंवा आच मोठी होती. पिवळसर आणि रबरी कण म्हणजे अंडं. पांढरा भाग बलकाबरोबर आत आला असणार. काळी कोरडी पूड निघाली तर कोको नीट भिजला नव्हता. चपट्या तपकिरी पापुद्र्या म्हणजे बूड लागायला सुरुवात झाली होती. ही झाडाझडती दोन-तीनदा केलीत की आपला हात नेमका कुठे चुकतो ते कोणी सांगायची गरज उरत नाही.

गाळून झालं की लगेच, गरम असतानाच, लहान वाट्यांमध्ये ओता. पातेल्यात निवायला ठेवून मधूनमधून ढवळणं ही चांगल्या हेतूनं केलेली सर्वांत वाईट गोष्ट आहे. गार होताना स्टार्चची जाळी विणली जात असते. ढवळलं की ती तुटते आणि तुटलेली जाळी पुन्हा तितकी घट्ट बसत नाही. पातेलं भांड्यात रिकामं केल्यावर आतली कड स्पॅच्युलानं खरवडून तेही वाटीत मिसळायचा मोह होतो, पण बुडाला जरा लागलं असेल तर अख्ख्या पुडिंगला करपट वास येईल. खरवड वेगळी खा.

सायीबद्दल दोन मतं आहेत. पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं, तिथे दुधातली प्रथिनं आणि स्टार्च दाटून जो थर धरतो ती ही साय. काहींना पुडिंगमध्ये तीच सर्वांत जास्त आवडते. चिवट, गडद, चॉकलेटची चव एकवटलेली. तुम्हाला ती नको असेल तर बटर पेपर किंवा क्लिंग फिल्म पुडिंगच्या पृष्ठभागाला चिकटवून ठेवा, वाटीच्या काठावर नाही. पुडिंग गरम असतानाच हे करायचं, कारण साय पहिल्या काही मिनिटांतच धरते. गरम वाटीवर नुसतं झाकण ठेवलं तर वाफेचे थेंब पुडिंगवर पडतात, पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि पाणी साचतं. तुम्हाला कडेनं दिसलेलं थोडं पाणी तिथूनही आलेलं असू शकतं.

वाट्या खोलीत वीस-पंचवीस मिनिटं निवू द्या आणि मग फ्रिजमध्ये किमान तीन-चार तास. दूध-अंड्याचा पदार्थ आहे, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं. तिसऱ्या दिवशी कडेनं चमचाभर पाणी दिसलं तर ते स्वाभाविक आहे. अमायलोजची जाळी काळाबरोबर आवळत जाते आणि आतलं पाणी बाहेर ढकलते. पहिल्याच रात्रीनंतर तळं साचलं तर मात्र शिजण्यात कसर होती. फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फाचे स्फटिक जाळी फाडतात आणि वितळल्यावर पुडिंग स्पंजसारखं होऊन पाणी गाळतं.

बिघडलेलं पुडिंग वाचतं का? बहुतेक वेळा वाचतं. उतरवल्यावर लगेच शंका आली तर पुन्हा आचेवर ठेवून उकळी आणा, काही बिघडत नाही. बलकांच्या एन्झाइमनं रात्रभरात पातळ झालेलं पुडिंग मात्र नुसतं उकळून परत दाट होत नाही, कारण स्टार्चचे तुकडे झालेले असतात. त्यासाठी २ टीस्पून कॉर्नफ्लोअर ३ टेबलस्पून थंड दुधात कालवून त्यात घाला आणि मिनिटभर खळगे पडेपर्यंत शिजवा. पोत पहिल्यासारखा मलईदार राहत नाही, पण खाण्याजोगं नक्की होतं. फार घट्ट झालं असेल तर कोमट दूध चमचा-चमचा घालून हलकेच फेटा. मग ते वाटीत उभं राहणार नाही, पण सॉससारखं सुरेख लागतं. गुठळ्या असतील तर ब्लेंडर फिरवण्यापेक्षा गरम असतानाच बारीक गाळणीतून दाबून काढा. ब्लेंडर गुठळ्यांबरोबर चांगले कणही फोडतो.

अंडं चालत नसेल तर बलक वगळा, कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम करा आणि लोणी २५ ग्रॅम. १०० मि.ली. दुधाच्या जागी तेवढंच क्रीम घेतलंत तर आणखी छान. बलक नसल्यामुळे अमायलेजची काळजी उरत नाही, तरी उकळीचा नियम तोच, नाहीतर पिठाची चव येते. बिनअंड्याच्या पुडिंगमध्ये चॉकलेटची चव जास्त स्वच्छ लागते आणि बलकाचं पुडिंग जास्त गोलसर, भरदार. दोन्ही अस्सल आहेत. अंड्याविना कॉर्नफ्लोअरवर दाट केलेल्या पदार्थांना दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १८३७ साली अल्फ्रेड बर्ड यांनी अंडं न सोसणाऱ्या पत्नीसाठी कॉर्नफ्लोअरची कस्टर्ड पावडर केली. अमेरिकेत १८४२ मध्ये थॉमस किंग्सफर्ड यांनी मक्यातून शुद्ध स्टार्च वेगळा काढायची पद्धत बसवली. तो आधी कपड्यांच्या खळीसाठी विकला जायचा, स्वयंपाकघरात नंतर आला. तिथपासून गॅसवर, किंवा तेव्हा चुलीवर, ढवळून करायची पुडिंगं घरगुती झाली. त्याआधीची पुडिंगं वाफवलेली, भाजलेली किंवा निव्वळ अंड्यांवर धरलेली असत आणि ती जमवायला जास्त कौशल्य लागे.

दाट करायला दुसरं काही चालेल का, हाही प्रश्न नेहमी येतो. आरारूट दुधात बुळबुळीत होतं, घेऊ नका. मैदा चालतो, पण जवळपास दुप्पट लागतो, जास्त वेळ शिजवावा लागतो आणि चव मंद करतो. बटाट्याचा स्टार्च लवकर दाट होतो, पण उकळीत टिकत नाही. कस्टर्ड पावडर म्हणजे रंग आणि सुगंध घातलेलं कॉर्नफ्लोअरच, अडीअडचणीला तेवढ्याच मापानं वापरा.

इन्स्टंट पाकिटातलं पुडिंग थंड दुधात पाच मिनिटांत कसं धरतं, याचं आश्चर्य वाटून कोणी त्याच्याशी घरच्या पुडिंगची तुलना करू नये. त्यात स्टार्च आधीच शिजवून वाळवलेला असतो आणि दुधातली प्रथिनं घट्ट करणारे फॉस्फेट क्षार असतात. ‘शिजवून करा’ असं लिहिलेल्या पाकिटात मात्र मुख्यतः साखर, कॉर्नफ्लोअर आणि कोकोच असतो. ते तुम्ही स्वतः बरणीत भरून ठेवू शकता: वरच्या मापातली चारही कोरडी जिन्नसं तिप्पट-चौपट घेऊन चाळा, कोरड्या बरणीत ठेवा आणि दर अर्ध्या लिटर दुधाला १४५ ग्रॅम घ्या. वापरण्यापूर्वी बरणी हलवून घ्या, कारण बारीक कॉर्नफ्लोअर खाली जातं.

माप दुप्पट करायचं असेल तर सगळं सरळ दुप्पट करा, पण रुंद पातेलं घ्या आणि आच वाढवू नका. एक लिटर दुधाला उकळी यायला बारा-पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ बुडाशी बसलेलं कॉर्नफ्लोअर करपायची संधी शोधत असतं. एक लिटरच्या पुढे मी जात नाही. दोन पातेली लावते. मोठ्या एकाच भांड्यात सेट करायचं असेल तर थर चार-पाच सेंटीमीटरपेक्षा उंच ठेवू नका, नाहीतर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. असं पुडिंग वाढताना पहिला चमचा बसला की कापलेल्या जागी पाणी सुटायला लागतं, म्हणून पाहुण्यांसाठी असेल तर आधीच लहान वाट्यांत ओता.